पडली तर एकटीला उचलता येईल का? चिरिकावाच्या जंगलात आठ महिने वापरलेली गाडी आणि सामान

मार्चमध्ये अ‍ॅरिझोनातल्या चिरिकावा डोंगरातल्या पहिल्याच ट्रिपला माझी मोटरसायकल कोरड्या ओढ्यातल्या वाळूत आडवी झाली आणि मला ती उचलता आली नाही. दोन्ही बाजूंना अ‍ॅल्युमिनियमचे डबे, मागे तंबू, टाकी काठोकाठ भरलेली. एकेक पट्टा सोडत बसले, डबे काढले, मग कशीबशी उभी केली. चाळीस मिनिटं गेली. तेवढ्यात त्या रस्त्याने चिटपाखरू आलं नाही. तेव्हापासून सामानातल्या प्रत्येक वस्तूला एकच प्रश्न: तू गाडीवर असताना गाडी पडली, तर मला एकटीला उचलता येईल का? नसेल तर तुला विकायचं. आता ऑक्टोबर संपत आलाय. सात ट्रिपा आणि साडेसहा हजार मैल झालेत, निम्मं सामान विकून झालंय. उरलेल्याचा हा अनुभव.

मी मूळची साताऱ्याची. नोकरीमुळे फिनिक्सजवळ चँडलरला राहते. उंची पाच फूट चार इंच, वजन सांगत नाही. अ‍ॅरिझोना म्हटलं की लोकांना निवडुंग आणि रखरखाट आठवतो, आणि ते खोटं नाही. उन्हाळ्यात आमच्याकडे पारा ४५ अंशांवर सहज जातो. पण राज्याच्या आग्नेय कोपऱ्यात वाळवंटातून एकदम डोंगर उठतात आणि त्यांच्या माथ्यावर फर-पाइनची जंगलं आहेत. इथे त्यांना 'स्काय आयलंड्स' म्हणतात. नाव चपखल आहे: खाली वाळवंटाचा समुद्र, वर जंगलाची बेटं, आणि एका बेटावरच्या कित्येक प्राण्यांना मधला समुद्र ओलांडून दुसऱ्या बेटावर जाता येत नाही. चिरिकावा हे त्यांतलं माझं बेट. विलकॉक्स गाव ४,१६७ फुटांवर, तिथे झुडपं आणि गवत. पाइनरी कॅन्यनचा कच्चा रस्ता धरला की आधी ओक आणि मगरीच्या पाठीसारख्या सालीचे जुनिपर, मग पाइन, आणि ७,६०० फुटांवरच्या अनियन सॅडल खिंडीत पोचेपर्यंत जॅकेटची चेन गळ्यापर्यंत ओढलेली असते. तिथून डावी-उजवी न चुकता गेलात तर रस्टलर पार्क, ८,५०० फूट. कळसूबाई ५,४०० आहे, म्हणजे अंदाज घ्या. फरक इतकाच की कळसूबाईला शेवटी लोखंडी शिड्या चढाव्या लागतात आणि इथे थेट गाडी जाते.

गाडी. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण नाव लिहिलं की लोक सामान सोडून त्यावरच भांडतात. जपानी, साडेसहाशे सीसी, एकच सिलिंडर, रेडिएटर नाही, कार्बोरेटरवाली. रस्त्यावरही कायदेशीर आणि कच्च्यातही चालणारी. फेब्रुवारीत सेकंडहँड घेतली. पेट्रोलसकट १६६ किलो. ही काही हलकी गाडी नव्हे. अडीचशे-तीनशे सीसीच्या गाड्या याहून पंचवीस किलोंनी हलक्या मिळतात, आणि नुसतं जंगलात फिरायचं असतं तर मी तीच घेतली असती. पण चँडलर ते विलकॉक्स सुमारे १८० मैल हायवे आहे, ट्रक ताशी ७५ मैलांनी शेजारून जातात, आणि तिथे छोटं इंजिन सतत किंचाळत ठेवायची माझी तयारी नव्हती. सीट ३५ इंच उंच होती, मागची लिंक आणि पुढचे फोर्क बदलून दीड इंच खाली आणली. आता दोन्ही पायांचे चवडे टेकतात. टाचा टेकत नाहीत आणि आठ महिन्यांत त्याची गरजही पडली नाही. वाळूत पाय टेकायची वेळ आली म्हणजे तशीही उशीर झालेला असतो.

इंजिनाबद्दल तक्रार नाही. टॅपेट सेटिंग, म्हणजे इंजिनातल्या झडपांची फट जुळवणं, मी घरीच करते, फिलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) आणि दोन पाने पुरतात. ऑइल आणि चेन याशिवाय तिने काही मागितलं नाही. एअर फिल्टर मात्र दर ट्रिपनंतर धुवावा लागतो, इथली धूळ मैद्यासारखी आहे. वर गेल्यावर कार्बोरेटरची गाडी रुसते: हवा विरळ, पेट्रोल तेवढंच, त्यामुळे मिश्रण दाट होतं. ८,५०० फुटांवर जवळजवळ पाव ताकद गेलेली जाणवते आणि सकाळी चालू होताना खोकते. इंजेक्शनवाली गाडी हे स्वतः जुळवून घेते. पण माझ्या गाडीला कॉम्प्युटर नाही, म्हणून जंगलात बिघडायला एक गोष्ट कमी आहे, असं मी स्वतःला समजावते. सीट म्हणजे शिक्षा. शंभर मैलांनंतर उभं राहूनच चालवावंसं वाटतं. मेंढीचं कातडं टाकलंय, थोडा फरक पडला.

मागच्या मालकाने २० लिटरची मोठी टाकी बसवली होती. विकत घेताना मी त्यावरच भाळले होते, कारण विलकॉक्स सोडलं की डोंगर पार करून पलीकडच्या पोर्टल गावात उतरेपर्यंत आणि परत येईपर्यंत पेट्रोल मिळेल यावर मी विसंबत नाही. पण सात लिटर जास्त म्हणजे पाच किलो जास्त, तेही सगळ्यात वरती. आता मी टाकी दोन तृतीयांशच भरते. डोंगरातला फेरा रस्टलर पार्क धरून साठ-सत्तर मैलांचा होतो, तेवढ्याला ते भरपूर पुरतं.

अ‍ॅल्युमिनियमचे डबे विकले. वजन हे एक कारण, दुसरं त्याहून महत्त्वाचं: वाळूत घसरताना पाय खाली टेकवला आणि मागून डबा पोटरीवर आला तर घोटा जायचा. एकटीने. त्याजागी आता घोड्याच्या खोगिरासारख्या दोन्हीकडे लोंबणाऱ्या कापडी पिशव्या आहेत, आत जलरोधक थैल्या. खालच्या रॅकची गरज नाही, चार पट्टे सोडले की अख्खी गोष्ट एका मिनिटात जमिनीवर. तीन वेळा गाडी त्यांच्यावर पडली. एक पट्टा फाटला, तो मोच्याच्या दाभणाने घरी शिवला. वाईट भाग: कुलूप लागत नाही, आणि सायलेन्सरच्या बाजूचा पट्टा पहिल्या महिन्यात वितळला. उष्णतारोधक पत्रा लावा, पहिल्याच दिवशी लावा.

उचलायची पद्धतही लिहिते, कारण ही मला कोणी वेळेवर सांगितली असती तर तो मार्चचा दिवस वाचला असता. गाडीकडे तोंड करून ओढायचं नाही, पाठ जाते. आधी इंजिन बंद, पिशव्या खाली. उजव्या अंगावर पडली असेल तर साइड स्टँड आधीच उघडून ठेवायचं, गिअर टाकून ठेवायचा. मग गाडीकडे पाठ करून सीटच्या कडेला कंबर टेकवायची, हँडल पूर्ण वळवून एका हाताने जमिनीकडची मूठ धरायची, दुसऱ्याने मागचा रॅक. पाठ ताठ ठेवून पायांनी मागे चालत जायचं, छोटी छोटी पावलं. जोर मांड्यांचा, हात फक्त धरायला. मेमध्ये अंगणात गादी टाकून वीस वेळा सराव केला. शेजारच्या काकूंनी खिडकीतून पाहिलं आणि संध्याकाळी येऊन विचारलं, "बाई, गाडी बिघडली का गं?" म्हटलं, नाही काकू, मी तिला मुद्दाम पाडतेय. त्यानंतर त्या माझ्याशी जरा जपूनच बोलतात.

आता पंक्चर. ट्यूबवाले टायर, आणि इथल्या बाभळीच्या नात्यातल्या मेस्किटचा काटा दीड-दोन इंचाचा असतो. जूनमध्ये मागचं चाक बसलं. मधला स्टँड नाही, म्हणून एक सरळ ओंडका इंजिनाखालच्या पत्र्याला तिरका टेकवला, साइड स्टँड आणि पुढचं चाक मिळून तिवई झाली. चाक निघालं, पण टायरची कड रिमवरून सुटेना. दोन टॉम्या (टायर उचकटायचे लोखंडी दांडे) घालून, त्यावर गुडघा ठेवून, साबणाचं पाणी ओतून, मग सुटली. तिसरी टॉमी 'वजन वाचवायला' घरी ठेवली होती. माझ्याच प्रश्नाने मला फसवलं ते तेवढंच. ट्यूबला सोल्युशन लावलं, ठिगळ चिकटवलं, आणि परत बसवताना त्याच टॉमीने ट्यूब चिमटली. पुन्हा पहिल्यापासून. अडीच तास. तेव्हापासून तिसरी टॉमी आणि एक नवी ट्यूब बरोबर असते. पुढच्या २१ इंची चाकाची ट्यूब घेते, अडचणीत ती मागच्या १७ इंचीलाही कोंबता येते, उलटं होत नाही. बॅटरीवर चालणारा छोटा पंप पैसे वसूल. कच्च्यात उतरताना हवा वीस पीएसआयपर्यंत कमी करायची आणि डांबरावर परत भरायची, त्यामुळे तो रोजच लागतो.

रस्ते आडव्या पन्हाळी पत्र्यासारखे आहेत. काही मैल तसल्या खडखडाटात गेले की जे नट ढिले व्हायचे ते होतातच. रॅकचा एक बोल्ट कुठेतरी चिरिकावाला दान केलाय. आता सगळ्यांना थ्रेडलॉकर (नट ढिले होऊ न देणारा गोंद) लावलाय आणि रोज संध्याकाळी, चहा उकळेपर्यंत, पाना घेऊन एक फेरी मारते.

तंबू बदलला. पहिला तीन किलोंचा, प्रशस्त, आणि खुंट्या ठोकल्याशिवाय उभाच न राहणारा. इथल्या जमिनीत चुन्याचा थर सिमेंटसारखा घट्ट असतो, खुंटी वाकते पण आत जात नाही. आता सव्वा किलोचा, स्वतःच्या काठ्यांवर उभा राहणारा आहे, कोपऱ्यांना दगड बांधते. हवा भरायची गादी तर दुसऱ्याच रात्री निवडुंगाच्या काट्याने बसली आणि मी सकाळपर्यंत गारगोट्या मोजल्या. साधी घडीची फोमची चटई घेतली, काट्याला तिचं काय करायचं ते करू दे. पिसांची रजई उणे सहा अंशांची आहे. ऑक्टोबरच्या ट्रिपला पहाटे तंबूवर हिमाचा पापुद्रा होता, टोपी आणि मोजे घालून निभावलं. दर हजार फुटांना दोनेक अंश उतरतात हे गणित लक्षात ठेवा. विलकॉक्सला टी-शर्टात चहा प्यायलात म्हणून फसू नका.

तंबू कुठे लावायचा, याला सामानाइतकंच महत्त्व. २०११ मध्ये हॉर्सशू टू नावाच्या वणव्यात या डोंगररांगेतलं सव्वादोन लाख एकरांच्या आसपास क्षेत्र होरपळलं. माथ्यावर अजून काळे, वाळलेले खोड उभे आहेत आणि वारा सुटला की ते पडतात. आधी वर बघायचं, मग खाली. ओढ्याच्या कोरड्या पात्रात तर कधीच नाही. जुलै ते सप्टेंबर इथला पावसाळा, दहा मैलांवर पडलेला पाऊस तुमच्या डोक्यावर ढग नसतानाही पाणी घेऊन येतो. नॅशनल फॉरेस्टमध्ये आखीव कॅम्पग्राउंडबाहेर फुकट राहता येतं, साधारण १४ दिवसांची मर्यादा. मे-जूनमध्ये आगीवर बंदी असते, शेकोटी विसरा. म्हणून झडप बंद करता येणारा गॅसचा छोटा स्टोव्ह. स्पिरिटची चूल त्या दिवसांत चालत नाही. गाडीच्या सायलेन्सरला ठिणगीरोधक जाळी सक्तीची आहे. माझ्या मूळच्या सायलेन्सरला ती आहे आणि आवाजही कमी आहे. मेमध्ये पोर्टलच्या वर केव्ह क्रीकमध्ये दुर्बीणवाल्या एका आजोबांनी हात करून थांबवलं, ओठांवर बोट ठेवलं आणि वर दाखवलं: ट्रोगन. लाल पोट, हिरवी पाठ, मेक्सिकोकडचा पक्षी, बघायला लोक विमानाने येतात. धडधडणारा सायलेन्सर असता तर त्यांनी बहुधा दगडच मारला असता.

पाणी हे सगळ्यात जड सामान आणि त्याला माझा प्रश्न विचारता येत नाही. झरे नकाशावर असतात, जमिनीवर असतातच असं नाही. विलकॉक्सला आठ लिटर भरते, मऊ पिशव्यांत, दोन्हीकडे चार-चार, अगदी तळाशी. पहिल्या रात्रीपर्यंत पाच उरतात आणि गाडी वेगळीच वाटायला लागते, म्हणून अवघड रस्ता दुसऱ्या दिवसावर ठेवते.

जेवण: ८,५०० फुटांवर पाणी ९१ अंशांच्या आसपासच उकळतं, त्यामुळे पहिल्या ट्रिपचा तांदूळ शेवटपर्यंत दाताखाली आला. गॅस संपला, भात नाही झाला. आता पातळ पोहे, मेतकूट, शेंगदाण्याची चटणी, आणि घरून भाजून, मिरची-जिरं-लसूण घालून आणलेलं पिठल्याचं पीठ. पाण्यात कालवून पाच मिनिटं. बरोबर टॉर्टिया, भाकरीची तहान त्यावर. ठेचा नेणं बंद केलं. काळ्या अस्वलांचा मुलूख आहे, सगळं खाणं घट्ट झाकणाच्या डब्यात, तंबूपासून शंभर पावलांवर ठेवायचं असतं. एका सकाळी डब्याभोवती शेपट्या उभ्या केलेल्या कोआटींची (लांब नाकाचे रानटी प्राणी) टोळी फिरत होती, डबा लोळवून बघितला आणि कंटाळून गेली. डब्याचं वजन किलोभर आहे. विकणार नाही.

मोबाइलला रेंज नाही, म्हणून उपग्रहावरून संदेश पाठवणारं यंत्र. दरमहा पैसे जातात, कुरकुरत भरते. रोज रात्री एक ठरलेला संदेश आईला जातो, नकाशावरच्या ठिपक्यासह. ऑगस्टमध्ये दाट झाडीत संदेश दीड तास अडकला. पोचला तेव्हा आईचं उत्तर आलं: "ठिपका कालच्याच जागी आहे. गाडी पडली का?" पडली नव्हती, मी एक दिवस नुसती झोपून काढला होता. तिला आता नकाशावरून सगळं कळतं, आणि हे त्या यंत्राच्या जाहिरातीत लिहिलेलं नाही.

आपल्या लोकांसाठी एक वेगळं: मेक्सिकोची सीमा जवळ आहे, सीमेवर गस्त घालणाऱ्या 'बॉर्डर पॅट्रोल'च्या गाड्या कच्च्या रस्त्यांवरही भेटतात. ग्रीन कार्ड किंवा एच-१बीचे कागद जवळ बाळगणं कायद्याने लागतंच. माझे आतल्या जलरोधक थैलीत असायचे. एकदा भर उन्हात सगळं उचकावं लागलं. अधिकारी शांतपणे थांबला, पाणी आहे ना विचारलं. आता छातीच्या खिशात असतात. हेल्मेटची इथे अठरा वर्षांवरच्यांना सक्ती नाही. घाला.

पुढची ट्रिप अशाच दुसऱ्या बेटाची, पिनालेन्योची, माउंट ग्रॅहमच्या बाजूला. वरचा रस्ता १५ नोव्हेंबरला हिवाळ्यासाठी बंद होतो, त्याआधी दोन शनिवार-रविवार हातात आहेत. मागचं टायर गुळगुळीत झालंय, ते या आठवड्यात बदलायचं. तीन टॉम्यांनी.