संत्रा-तेलाची भुकटी: स्प्रे ड्रायर घ्यावा की फ्लुइड बेड कोटर?

वरूड-मोर्शी भागातील एखादी शेतकरी उत्पादक कंपनी संत्र्याच्या सालीचे तेल भुकटी करून विकण्याचा विचार करते, तेव्हा तिच्यासमोर दोन यंत्रे येतात. दोन्हींत कण हवेत असतानाच आवरण तयार होते, पण त्या दोन आवरणांत मोठा फरक आहे आणि निवड त्यावरच ठरायला हवी.

स्प्रे ड्रायरमध्ये तेल, अरबी डिंक, माल्टोडेक्स्ट्रिन (स्टार्चपासून केलेली भुकटी) आणि पाणी यांचे दुधाळ मिश्रण १५० ते २०० अंश तापमानाच्या हवेत बारीक तुषारांच्या रूपाने सोडतात. (आपल्या बांधावरच्या बाभळीचा डिंक म्हणजे अरबी डिंक नव्हे.) पाणी क्षणात उडते आणि साधारण १० ते १०० मायक्रॉनचा कोरडा कण खाली येतो. मात्र त्यावर सलग कवच नसते; तेलाचे थेंब कणभर विखुरलेले असतात आणि काही पृष्ठभागावर उघडेच राहतात. या तेलात ९० टक्क्यांहून अधिक लिमोनीन हे सुगंधी द्रव्य असते. त्याला हवा लागली की ऑक्सिडीकरण होऊन ताज्या संत्र्याचा वास जातो.

फ्लुइड बेड कोटरमध्ये खरा थर चढतो. संशोधक डेल वुर्स्टर यांच्या १९५३ च्या अमेरिकी पेटंटमधून पुढे विकसित झालेल्या या पद्धतीत कण हवेच्या झोतावर मधल्या नळीतून वर जातात, तेथे त्यांच्यावर फवारा बसतो, बाहेरच्या बाजूने ते खाली येतात आणि पुन्हा वर उचलले जातात. अशा असंख्य फेऱ्यांनी पातळ, सलग आवरण तयार होते. अडचण अशी की १०० मायक्रॉनपेक्षा बारीक कण एकमेकांना चिकटून गोळे होतात, म्हणून स्प्रे ड्रायरची भुकटी आधी दाणेदार करावी लागते. म्हणजेच कोटर हे स्प्रे ड्रायरला पर्याय नसून त्याच्या पुढचा टप्पा आहे. शिवाय वीज गेली की हवा थांबते आणि ओले दाणे बसून एकच गठ्ठा होतो. जनरेटरचा खर्च त्यामुळे पहिल्या दिवसापासून धरावा.

कोटरमध्ये वितळलेल्या वनस्पती-स्निग्धाचा लेप दिलेली चिमूटभर भुकटी गार पाण्यात टाकली तर ती वरच तरंगते. साधी भुकटी लगेच विरघळते आणि सुगंध सुटतो. सरबताच्या पुड्यांसाठी ही दुसरी भुकटीच हवी. बिस्किटाच्या कणकेत सुगंध भट्टीच्या उष्णतेपर्यंत टिकवायचा असेल, तर मात्र लेपाला तोड नाही. लेपाचा वितळणबिंदू ६० अंशांच्या आसपास निवडावा, कारण मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो आणि टिनाच्या छपराखालचे गोदाम त्याहून तापते.

आपला आंबिया आणि मृग बहार मुख्यतः हिवाळ्यापासून मार्चपर्यंत निघतो, म्हणजे भुकटी कोरड्या हवेत तयार होते आणि पावसाळ्यात गोदामात राहते. केवळ त्या ओलाव्यासाठी कोटर घेऊ नये. ॲल्युमिनियम थराची हवाबंद पाकिटे ते काम कमी खर्चात करतात. माझ्या मते आधी स्प्रे ड्रायर घ्यावा आणि बेकरीची पक्की मागणी आल्यावर लेपाचे काम सुरुवातीला बाहेरून करून घ्यावे. यंत्र कोणतेही असो, हवेत उडालेली तेलकट भुकटी ठिणगीने स्फोट पावू शकते; अर्थिंगचा आणि स्फोटदाब बाहेर सोडणाऱ्या झडपांचा खर्च कोटेशनमध्ये वेगळा लिहून घ्यावा.