स्क्रूभोवतीची हिरडी सुजलीय: मध, प्रोपोलिस की रॉयल जेली?

मुलीच्या वरच्या दाढेजवळ डॉक्टरांनी दात सरळ करणाऱ्या तारांसाठी स्क्रू बसवला. आठवड्याने गाल ओढून पाहिलं, तर स्क्रूचं डोकं अर्धं झाकलं गेलं होतं. लालभडक हिरडी त्यावर चढली होती, कडेला पांढरट थर होता आणि ब्रश लागला की रक्त येत होतं. सासूबाई लगेच म्हणाल्या, "मध लाव गं."

हा स्क्रू दीड-दोन मिलिमीटर जाडीचा, टायटॅनियमच्या मिश्रधातूचा किंवा स्टीलचा असतो. दात हळूहळू जागेवर ओढून आणण्यासाठी रोवलेली ती खुंटी, काम झालं की काढून टाकतात. भोवतालची सूज रेंगाळली तर तो सैल होऊ शकतो. गालाकडच्या सैल, हलत्या भागातला स्क्रू जास्त त्रास देतो.

मधाची बाजू भक्कम आहे. त्यात सुमारे 80 टक्के साखर असते, त्यामुळे तो जंतूंमधलं पाणी शोषून घेतो. शिवाय तो आम्लधर्मी असतो आणि त्यातल्या एन्झाइममुळे थोडं हायड्रोजन पेरॉक्साइड तयार होतं. न्यूझीलंडच्या मानुका मधाची ताकद मुख्यतः मिथिलग्लायॉक्सल या जंतू मारणाऱ्या रसायनात असते. म्हणून महाबळेश्वरचा जांभूळ मध कितीही अस्सल असला तरी मानुकावरचे निष्कर्ष त्याला सरसकट लागू होत नाहीत. दवाखान्यात जखमेवर लावतात तो मध तर गॅमा किरणांनी निर्जंतुक केलेला असतो, तो स्वयंपाकघरातल्या बरणीतला नसतो. माझी खरी अडचण मात्र वेगळी आहे. तोंडात लाळेने मध लगेच पातळ होतो आणि साखर ब्रॅकेटभोवती, म्हणजे तार धरण्यासाठी दातांवर चिकटवलेल्या तुकड्यांभोवती, चिकटून राहते. तारा निघाल्यावर दातांवर दिसणाऱ्या पांढऱ्या डागांची सुरुवात अशाच साचलेल्या साखरेपासून होते. त्यामुळे रात्री झोपताना मध लावायला माझा ठाम नकार आहे.

प्रोपोलिस म्हणजे मधमाश्यांनी झाडांच्या कळ्यांवरून गोळा केलेला राळेसारखा डिंक. पोळ्यातल्या फटी त्या याच डिंकाने बुजवतात. त्यात साखर जवळपास नसते आणि फ्लॅव्होनॉइड्स ही वनस्पतींमधली द्रव्यं भरपूर असतात. हिरड्यांच्या सुजेवर त्याचे चांगले परिणाम दिसले आहेत, पण स्क्रूपुरते अभ्यास थोडे आणि छोटे आहेत. या तिघांत मी प्रोपोलिसच निवडेन, तेही पेस्ट किंवा अल्कोहोल नसलेल्या माउथवॉशच्या रूपात. अल्कोहोलमधला अर्क थेट जखमेवर लावला तर आग आग होते. प्रोपोलिसच्या ॲलर्जीने तोंड येऊ शकतं, म्हणून मधमाशीच्या कुठल्याही पदार्थाची ॲलर्जी असेल तर याच्या वाटेला जाऊ नका.

रॉयल जेली, म्हणजे मधमाश्या राणीमाशीला भरवतात तो पांढरट स्राव, सोडून द्या. ती महाग असते, आणि दमा असलेल्यांना तिची तीव्र, क्वचित जिवावर बेतणारी ॲलर्जी होऊ शकते.

या सगळ्यांना तोलायचं ते क्लोरहेक्सिडिनशी. डॉक्टर देतात ते माउथवॉश हेच. जंतूंवर ते सर्वांत भरवशाचं, पण दोन आठवड्यांपलीकडे गेलं की दात तपकिरी पडतात, चव बिघडते. म्हणून सुरुवातीचे दिवस ते, आणि पुढे डॉक्टरांना विचारून प्रोपोलिस, हा क्रम मला पटतो.

आम्ही त्याआधी एकाच झुपक्याचा छोटा ब्रश आणला. आरशासमोर उभी राहून मुलगी तो स्क्रूच्या डोक्याभोवती हलक्या हाताने गोल फिरवायची, रोज दोनदा. पाचव्या दिवशी बेसिनमध्ये रक्त दिसलं नाही. स्क्रू हलला असता किंवा पू आला असता, तर ब्रश, मध, प्रोपोलिस सगळं बाजूला ठेवून मी त्याच दिवशी डॉक्टरांना फोन केला असता.