शोकग्रस्त किशोरवयीन मुलांसाठीचा समूहोपचार : एका आईचा अनुभव

माझ्या पंधरा वर्षांच्या मुलाने वडिलांचा अपघाती मृत्यू डोळ्यांदेखत पाहिला. त्यानंतर आठ महिने तो घरात कामापुरतेच बोलत होता आणि वैयक्तिक समुपदेशनाला दोनदा जाऊन त्याने पुढे जायला साफ नकार दिला होता. त्यामुळे त्याला समवयस्कांच्या गटात पाठवण्याचा सल्ला मिळाला तेव्हा मला धास्तीच वाटली; ज्याला स्वतःचे दुःख पेलवत नाही त्याने आणखी सहा जणांची दुःखे कशासाठी ऐकायची?

प्रवेशापूर्वी समुपदेशक त्याच्याशी आणि माझ्याशी स्वतंत्रपणे बोलल्या. जीव नकोसा वाटणाऱ्या मुलाला आधी वैयक्तिक उपचारांची गरज असते, म्हणून ती चौकशी त्यांनी आडपडदा न ठेवता केली. हा आजार आहे का, असे मी विचारल्यावर त्यांनी सांगितले की दीर्घकालीन शोकाच्या निदानासाठी अमेरिकन मनोविकार निदानपुस्तिकेच्या २०२२च्या आवृत्तीत प्रौढांना बारा आणि मुलांना सहा महिन्यांची मर्यादा असली, तरी नुसते महिने मोजून निदान होत नाही. शोकाची तीव्रता आणि रोजच्या जगण्यात येणारा अडथळाही पाहावा लागतो.

उपचारपद्धती चार टप्प्यांची होती. १९९२ ते १९९५च्या युद्धातून गेलेल्या बोस्नियातील विद्यार्थ्यांसाठी तिथल्या माध्यमिक शाळांत हीच पद्धत वापरली गेली होती. तिचा क्रमच मला सर्वांत मोलाचा वाटतो. पहिले कित्येक आठवडे कोणालाही घडलेला प्रसंग सांगायला लावला नाही, आणि तेव्हा मी त्यावरून अधीरही झाले होते. त्या काळात मुले मनावरचा ताण शून्य ते दहा अशा आकड्यांत मोजायला आणि कोणत्या गोष्टीने काय जागे होते हे ओळखायला शिकली. रुग्णवाहिकेचा भोंगा अपघात आठवून देतो, तर खुंटीवरचा चष्म्याचा डबा बाबा नाहीत हे आठवून देतो. या दोन आठवणी वेगळ्या आहेत आणि त्यांना सामोरे जाण्याची रीतही वेगळी आहे, हे मला माझ्या मुलाने समजावून सांगितले. एकदा रस्त्यात भोंगा ऐकू आला तेव्हा त्याने माझे मनगट घट्ट धरले, "आठ" म्हणाला, सावकाश श्वास सोडत राहिला आणि थोड्या वेळाने "पाच" म्हणाला.

प्रसंगाचे कथन दुसऱ्या टप्प्यात आले आणि शोकाचे काम त्यानंतर. खोलीत बोललेले खोलीतच राहते, जिवाला धोका असेल तेवढाच अपवाद. म्हणून तिथे काय घडले ते मला ठाऊक नाही, आणि ते तसेच असायला हवे. आपण हाक मारली असती तर बाबा थांबले असते, हा अपराधभाव आणखी दोघांनाही आपापल्या परीने छळत होता, एवढे मात्र त्याने सांगितले. "आई, तिथे मला कुणाला सांभाळावं लागत नाही," हे त्याचे वाक्य ऐकून इतके महिने तो माझ्यासाठी गप्प होता हे मला कळले.

एक तक्रार मात्र आहे. शोकाचा टप्पा ऐन भरात असताना दोन समुपदेशकांपैकी एक न सांगता बदलल्या. ज्या मुलांचे माणूस निरोप न घेता गेले, त्यांच्या बाबतीत ही चूक साधी नव्हे. माझा मुलगा पुढची दोन सत्रे गेलाच नाही. संचालकांनी दिलगिरी व्यक्त केली आणि जुन्या समुपदेशकांना मुलांचा रीतसर निरोप घ्यायला एका सत्रासाठी बोलावले, तेव्हा कुठे गाडी रुळावर आली. पालकांसाठीची दोन सत्रेही मला अपुरी वाटली.

इतके असूनही मी हा उपचार मनापासून सुचवेन. नाव नोंदवताना गट चालवणारे दोघेही शेवटपर्यंत तेच राहणार का, आणि बदल झालाच तर मुलांना तो कोण आणि कधी सांगणार, हे आधी विचारून घ्यावे.