जुन्या कोल्टसाठी सौम्य काडतूस: काळी दारू, पर्यायी दारू की धूररहित दारू?

अमेरिकेत 1898 किंवा त्याआधी बनलेले शस्त्र संघीय कायद्याने पुरातन ठरते. त्यामुळे 1870-80 च्या दशकांतील .45 कोल्ट सिंगल ॲक्शन आर्मी रिव्हॉल्व्हर तेथील हौशी संग्राहकाच्या हाती येऊ शकते, आणि ते कधीतरी झाडून पाहावे असे त्याला वाटणे स्वाभाविक आहे. मात्र काडतुसाचा विचार करण्याआधी जाणकार कारागिराकडून सिलिंडरला, म्हणजे काडतुसे बसणाऱ्या फिरत्या नळकांड्याला, तडे नाहीत ना आणि त्यातला प्रत्येक खाना बॅरलसमोर नेमका येऊन घट्ट बसतो ना, हे तपासून घ्यावे. या तपासणीत नापास झालेल्या शस्त्रासाठी कोणतेही काडतूस सौम्य नसते.

धूररहित दारूचा, म्हणजे आधुनिक काडतुसांतील बंदुकीच्या दारूचा, मोह मोठा असतो, कारण ती स्वच्छ जळते आणि सहज मिळते. तरीही कोल्ट कंपनीने या रिव्हॉल्व्हरसाठी धूररहित दारूची हमी 1900 च्या सुमारास दिली, त्याआधीचे सिलिंडर काळ्या दारूच्या, म्हणजे जुन्या पारंपरिक बंदुकीच्या दारूच्या, दाबासाठीच घडवलेले होते. शिवाय या दारूची सौम्य मात्रा मोठ्या केसच्या (काडतुसाच्या धातूच्या नळीच्या) तळाशी जेमतेम दिसते. चुकून दुप्पट पडली तरी ती केसमध्ये मावते, नजरेतूनही सुटते, आणि असा एकच बार सिलिंडर फोडायला पुरेसा असतो. त्यामुळे मात्रा कितीही कमी ठेवली तरी मूळ शस्त्रासाठी मी हा पर्याय बादच धरतो.

काळ्या दारूची अडचण वेगळी आहे. गोळी आणि दारू यांच्यामध्ये मोकळी जागा मुळीच राहता कामा नये, म्हणून दारू नुसती कमी करून बार सौम्य करता येत नाही. उपाय इतिहासातच सापडतो. मूळ .45 कोल्ट काडतुसात 40 ग्रेन, म्हणजे सुमारे 2.6 ग्रॅम, काळी दारू असे, तर स्मिथ अँड वेसनच्या स्कोफिल्ड रिव्हॉल्व्हरसाठी काढलेल्या आखूड काडतुसात सुमारे 28 ग्रेन आणि 230 ग्रेनची हलकी गोळी असे. हे आखूड काडतूस कोल्टमध्येही बसते, म्हणूनच अमेरिकी सैन्याला दोन्ही रिव्हॉल्व्हरांसाठी ते चालले. आखूड केस, मऊ शिशाची गोळी आणि मेण व चरबीचे वंगण, हाच मला सर्वांत भरवशाचा मार्ग वाटतो.

पायरोडेक्ससारखी पर्यायी दारू दुकानांत अधिक सहज मिळते, कारण काळ्या दारूच्या साठवणुकीवर स्फोटकांचे कडक नियम लागू होतात. पण ती वजनाने हलकी असते. काळ्या दारूइतकेच वजन भरले तर मात्रा जास्त होते, म्हणून ती काळ्या दारूच्या मापाने, आकारमानानुसारच मोजावी लागते. तिच्यातील परक्लोरेट या रसायनापासून उरणारे क्षार मिठासारखे लोखंड गंजवतात, त्यामुळे काळी दारू टाळून सफाईचा त्रास वाचेल ही आशा फोल ठरते. दोन्हींनंतर बॅरल आणि सिलिंडर त्याच दिवशी गरम साबणाच्या पाण्याने धुऊन, पूर्ण कोरडे करून तेल लावावेच लागते. काळी दारू मिळत नसेल तरच मी हा पर्याय सुचवेन.

कोणत्याही दारूने भरले तरी सहापैकी पाचच खाने भरावेत आणि हॅमर (बंदुकीचा घोडा) रिकाम्या खान्यावर ठेवावा, कारण या जुन्या रचनेत हॅमरला बसलेला धक्का थेट प्रायमरपर्यंत, म्हणजे दारू पेटवणाऱ्या काडतुसाच्या तळाच्या टोपीपर्यंत, पोहोचतो.