जखडलेल्या खांद्यासाठी: पंचकर्म केंद्र की तालुक्यातले वैद्य?

मधुमेह असला की खांदा जखडण्याचा संभव वाढतो. डॉक्टर व्यायाम सांगतात, तो करायचाच. पण रात्री कूस बदलताना जीव कासावीस होतो, म्हणून जोडीला कोणाकडे जावं, असं रत्नागिरी-सिंधुदुर्गातले ओळखीचे विचारतात. किनाऱ्यावरच्या रिसॉर्टमधला मसाज मी यात धरत नाही. तो शीण घालवायला ठीक.

शहरातलं पंचकर्म केंद्र सोयीचं. वेळ ठरलेली, खोली स्वच्छ, आणि तेल जिरवणारा हात, माझ्या मते, वैद्यांकडच्यापेक्षा सरस. आमच्या वैद्यांकडे पडवीत बाकड्यावर ताटकळावं लागतं, आणि शेकाला निरगुडीचा पाला आपणच न्यायचा.

तरी मी वैद्यांकडेच टिकलो, ते पुड्यांमुळे. केंद्रातून घरी घ्यायला पुड्या आणि काळसर औषधाची बाटली मिळे. दोन्हींवर नाव नाही. विचारलं की, "वातावरचं आहे, निर्धास्त घ्या." शुगरचे डॉक्टर विचारत, आणखी काय चालू आहे? त्यांना काय सांगणार! काही रसौषधींत, म्हणजे धातू-खनिजांपासून केलेल्या औषधांत, पारा असतो. वातावर देतात त्या दशमूलारिष्ट या आंबवलेल्या काढ्यात गूळ आणि मध असतो, शिवाय आंबवताना थोडं मद्यार्कही तयार होतं. मधुमेह्याला हे कळायलाच हवं. दुकानातल्या औषधावर घटक आणि परवाना क्रमांक छापावा लागतो, पण वैद्याने स्वतःच्या रुग्णासाठी बनवलेल्या औषधाला परवान्यातून सूट आहे. मग आपल्या हातात उरते ती चिठ्ठी.

वैद्यांनी आधी एचबीएवनसीचा, म्हणजे तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा, रिपोर्ट बघितला, मेटफॉर्मिन ही शुगरची गोळी बंद करायची नाही असं बजावलं आणि प्रत्येक औषधाचं नाव, मात्रा, अनुपान (ते कशासोबत घ्यायचं) लिहून दिलं. तोच कागद मी डॉक्टरांपुढे ठेवतो.

हात आता पाठीमागे पोचतो. हे वैद्यांमुळे, व्यायामामुळे की नुसत्या काळामुळे, छातीठोक सांगवत नाही. असा खांदा पुष्कळदा वर्ष-दोन वर्षांत आपसूकही सैल होतो.

तुम्हाला दुसऱ्या कसल्या गोळ्या नसतील आणि अंग मोकळं करून घ्यायचं असेल, तर केंद्रात जरूर जा. शुगर, बीपी किंवा रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील, तर मी वैद्यांकडे पाठवीन. कुठेही गेलात तरी महाराष्ट्र कौन्सिल ऑफ इंडियन मेडिसिनचा नोंदणी क्रमांक बघा, आणि पैसे भरण्याआधी विचारा: औषधांची नावं लिहून देणार का?