'तुंबाडचे खोत', दोन्ही खंड : एक पावसाळा काढल्यानंतरचा अनुभव

श्रावणात पहिल्या खंडाची मधली पाने कण्यापासून सुटून हातात आली, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे. श्री. ना. पेंडसे यांची ही कादंबरी 1987 साली दोन खंडांत आली, हे वाचकांना वेगळे सांगायला नको. नव्या जोडीचे पैसे वाचावेत म्हणून मी गेल्या दिवाळीत जुन्या पुस्तकांच्या एका ऑनलाइन विक्रेत्याकडून ती मागवली होती. 'स्थिती उत्तम' असे त्याने लिहिले होते. प्रत्यक्षात कोणीतरी मूळ शिवण उसवून, कणा सपाट कापून, पाने नुसत्या गोंदाने चिकटवली होती आणि वर नवे पुठ्ठे चढवले होते. दाभोळसारख्या खाडीकाठच्या गावात, जिथे पावसाळ्याचे चार महिने कपाटातल्या कपड्यांनाही बुरशी धरते, तिथे असला गोंद तग धरत नाही. विक्रेत्याला छायाचित्रे पाठवली, तेव्हा परतीची मुदत संपल्याचे एका ओळीचे उत्तर आले. दोष मुदतीनंतरच उघडा पडावा अशा बेताने तो झाकलेला असेल, तर त्याला मी फसवणूकच म्हणेन.

बांधणीवर इतके बोलण्याचे कारण असे की ही कादंबरी एकदा वाचून कपाटात ठेवण्याची नाही. चार पिढ्यांचा पसारा असल्यामुळे कोण कोणाचा मुलगा आणि कोणाचे वैर कुठून सुरू झाले, हे पाहायला वारंवार मागे जावे लागते, आणि जी पाने सर्वांत जास्त उलटली जातात तीच आधी सुटतात.

फेरीबोटीने खाडीपलीकडच्या धोपाव्याला उतरून मी पुस्तक चिपळूणच्या एका बाइंडरकडे नेले. फर्म्यांच्या, म्हणजे एकत्र दुमडलेल्या पानांच्या जुड्यांच्या, घड्याच कापल्या गेल्यामुळे घडीतून शिवण घालणे शक्य नव्हते. त्यांनी जुना गोंद खरवडला, कडेने दाभणाने भोके पाडून जाड दोऱ्याची शिवण घातली, कण्यावर कापडी पट्टी लावली आणि कसर लागू नये म्हणून खळीत मोरचूद मिसळला. काम चोख झाले. मात्र आतला समास शिवणीत गेल्यामुळे डाव्या पानाच्या ओळींचे शेवटचे आणि उजव्या पानाच्या ओळींचे पहिले अक्षर वाचायला पुस्तक दोन्ही हातांनी दाबून धरावे लागते. मला याचा रोज त्रास होतो, आणि तरीही मी रोज वाचतो.

याचे कारण घरात आहे. माझे आजोबा खोताचे, म्हणजे गावचा सारा वसूल करणाऱ्या वतनदाराचे, कूळ होते. अर्धेलीचा, म्हणजे निम्मे पीक खोताला देण्याचा, हिशेब, खळ्यावरच भाताचा वाटा उचलून नेणारी माणसे, हे सारे मी त्यांच्या तोंडून ऐकले. डॉ. आंबेडकरांनी 1937 साली मुंबई विधिमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले आणि 1949 च्या कायद्याने ती अखेर गेली, हा इतिहास आमच्याकडे अभिमानाने सांगितला जाई. त्यामुळे पहिल्या वाचनात मला रागच आला होता. एवढ्या मोठ्या कादंबरीत खोतांच्या माजघरापर्यंत सगळे दिसते, आणि कूळ मात्र बहुतेक वेळा अंगणातच उभे राहते, असे मी तेव्हा एका मित्राला लिहिलेही होते.

पावसाळ्यात दुसऱ्यांदा वाचताना हे मत बदलले. कुळांची बाजू पेंडसे मांडत नाहीत, हे मी आजही म्हणतो. पण ज्या घराचा दरारा आजोबांनी बाहेरून सोसला, त्या घराला सत्ता आणि भाऊबंदकी आतून कशी पोखरते, हे मला दुसऱ्या कोणीच दाखवले नव्हते. पेंडसे त्या माणसांची वकिली करत नाहीत आणि त्यांना हिणवतही नाहीत. दुसरा खंड मला पूर्वी सैल वाटला होता. आता तोच अधिक आवडतो, कारण दरारा ओसरल्यावर माणसात काय उरते ते तिथे दिसते. मुर्डीसारख्या दापोली तालुक्यातल्या गावी जन्मलेल्या लेखकाने वयाच्या सत्तरीत हे लिहावे, याचे मला फार मोल वाटते.

शिवाय कादंबरीतले जगबुडी नदीकाठचे हे तुंबाड गाव मला परके नाही. जगबुडी वाशिष्ठीला मिळते आणि ते पाणी आमच्याच खाडीतून समुद्राला जाते.

2018 च्या 'तुंबाड' चित्रपटामुळे भयकथा समजून कोणी ही जोडी घेणार असेल, तर त्या कथेचा हिच्याशी संबंध नाही हे ध्यानात घ्यावे. जुनी प्रत घेताना पुस्तक मध्यावर उघडून घडीत दोरा दिसतो का ते आधी पाहावे. ऑनलाइन घेत असाल तर नेमक्या त्या जागेचे छायाचित्र मागवावे, आणि विक्रेत्याने टाळाटाळ केली तर थोडे जास्त पैसे मोजून नवीच जोडी घ्यावी.