खानापूरच्या गाडीवाटांवर ओएसएमअँड

खानापूर तालुक्यातली जांबोटी सोडून झाडीत शिरलं की चारचाकीचा विचार करून केलेले नकाशे गप्प बसतात. ओएसएमअँड हे ॲप तिथेच बोलायला लागतं. ओपनस्ट्रीटमॅप हा लोकांनी मिळून काढलेला नकाशा त्याचा आधार असल्यामुळे डांबरी, गाडीवाट आणि पायवाट ते वेगवेगळ्या रेघांनी दाखवतं, तेही नेटवर्क नसताना. खानापूर, बेळगाव, हुक्केरी, चिक्कोडीकडच्या मोडक्या रस्त्यांवर चालत किंवा सायकलने फिरणाऱ्याने ते फोनमध्ये ठेवावंच. मात्र रेघ आहे म्हणजे वाट आहे, असं समजून निघणाऱ्याने ठेवू नये.

आधी फाइलींचं बघू, कारण सीमाभागात पहिली चूक इथेच होते. या ॲपमध्ये भारताचे नकाशे राज्यवार उतरवावे लागतात. नुसतं कर्नाटक घेऊन उचगावकडून महिपाळगडाला निघालात तर चंदगड तालुक्यात शिरताच वाटा गायब होतात आणि ढोबळ जगाचा नकाशा उरतो. कणकुंबीहून चोर्ल्याकडे गेल्यावर गोव्याच्या हद्दीतही हेच होतं. म्हणजे कर्नाटक, महाराष्ट्र, गोवा या तीन फाइली हव्यातच. प्ले स्टोअरच्या फुकट आवृत्तीत एकूण 7 डाउनलोड मिळतात आणि जुना नकाशा ताजा केला तरी तो त्यात मोजला जातो. तीन नकाशे आणि प्रत्येकी एक ताजेपणा, झाले सहा. नियमित फिरणाऱ्याने सरळ पैसे भरावेत किंवा एफ-ड्रॉइड या मुक्त ॲपांच्या भांडारावरून आवृत्ती घ्यावी, तिला ही मर्यादा नाही.

नकाशाची भाषा मराठी ठेवली तरी ज्या गावाचं मराठी नाव कोणी भरलेलं नाही तिथे कन्नड किंवा इंग्रजीच दिसतं. गाव सापडेना तर इंग्रजीत दोन-तीन प्रकारे लिहून शोधा, नाहीतर शेजारचं मोठं गाव शोधून तिथून सरका.

आता मुख्य गोष्ट. ओपनस्ट्रीटमॅपवर गाडीवाटेला 1 ते 5 असा दर्जा देता येतो. 1 म्हणजे पक्की दाबलेली, 5 म्हणजे मऊ, गवताळ, जेमतेम चाकोरी. रेघेवर बोट दाबलं की हा दर्जा आणि पृष्ठभाग दिसतो, पण कोणी भरला असेल तरच. आडवाटांच्या बऱ्याच रेघा उपग्रहाच्या चित्रावरून घरबसल्या काढलेल्या असतात. त्यांना ना दर्जा, ना पृष्ठभाग. सेटिंगमध्ये पृष्ठभागानुसार रंग चालू करता येतात, ते जरूर करा. बिनरंगी रेघ म्हणजे तिथली नोंद कोणी केलेली नाही, एवढाच अर्थ घ्यायचा.

सगळ्यात जास्त फसवते ती ओढ्याच्या अलीकडे संपणारी रेघ. पलीकडे शंभरेक मीटरवर दुसरी सुरू होते आणि ॲप त्या दोघींना जोडत नाही, कारण झाडांच्या छत्रीखाली काढणाऱ्याला काही दिसलेलं नसतं. मग वाट विचारली की ते लांबचा वळसा दाखवतं. इथे स्वतः बघायचं. दोन्ही टोकं समोरासमोर असतील आणि रुंदी सारखी असेल तर तिथे जुना फरशीपूल किंवा मोरी असण्याची शक्यता बरीच. एक टोक ओढ्याच्या काठाने वर वळत असेल तर ती विहिरीवर किंवा पाण्याच्या मोटारीपर्यंत जाणारी शेतवाट, पलीकडे जाण्यासाठी केलेलीच नव्हे. तिसरी खूण चढाची. बैलगाडी सरळ चढ ओढत नाही. त्यामुळे खरी जुनी गाडीवाट समोच्च रेषा (सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेघा) तिरक्या कापत खाली उतरते. दाट रेषांवरून काटकोनात खाली आलेली वाट गुरांची किंवा पाण्याची समजावी. समोच्च रेषांची फाइल वेगळी घ्यावी लागते, आणि तीत तीन मीटर खोल घळ दिसेल अशी अपेक्षा धरू नका. खात्री झाली की ॲपमधल्या मार्ग आखण्याच्या साधनाने मधल्या तुकड्यावर सरळ रेघ मारून ट्रॅक तयार ठेवता येतो.

जोडीला सर्व्हे ऑफ इंडियाची 1:50,000 टोपोशीट, म्हणजे चढउतार दाखवणारा सरकारी नकाशा, हवी. बेळगाव-खानापूरकडचा पश्चिम भाग जुन्या क्रमांकाने 48 आय या गटात येतो. त्यात 16 शीटा, प्रत्येक साधारण 27 किलोमीटर लांब-रुंद, समोच्च रेषा 20 मीटरच्या. गाडीवाट आणि पायवाट यांच्या खुणा वेगळ्या आहेत, त्या समासातल्या सूचीत बघून घ्या, आणि सर्वेक्षणाचं साल त्याही आधी. झाडीखालची जी जुनी वाट उपग्रहाला दिसत नाही ती इथे सापडते. शीट ॲपमध्ये थर म्हणून टाकायची असेल तर क्यूजीआयएस या संगणकावरच्या नकाशा-प्रणालीत चार कोपऱ्यांचे अक्षांश-रेखांश देऊन ती बसवावी लागते. अक्षांश-रेखांश मोजण्याच्या पद्धती दोन: जुन्या शीटा एव्हरेस्ट मापनावर आहेत आणि फोन डब्ल्यूजीएस 84 वर. हे जुळवलं नाही तर वाट शेजारच्या ओढ्यात जाऊन बसते.

माती मात्र दोन्ही नकाशांत नाही. खानापूरकडचा जांभा पाऊस थांबल्यावर लवकर निथळतो आणि दोन इंची टायरमध्ये 30-35 पीएसआय हवा ठेवली की सायकल चालते, फक्त शेवाळलेल्या कातळावर उतरून चालायचं. अथणी, रायबागकडची काळी एका सरीत चाकाला लिंपते आणि फोर्कमध्ये माती दाटून चाक अडतं. तिकडे पावसाळ्यात मडगार्ड काढूनच निघावं आणि कडेच्या गवतावरून ढकलावं. दोन्हीकडच्या वाटेचा दर्जा 4 लिहिलेला असू शकतो, तरी त्या एक नव्हेत.

नकाशावर सर्वांत देखणी दिसणारी रेघ बहुधा चिरेखाणीची असते. रुंद, सरळ, उपग्रहावरून स्पष्ट. शेवटी उभा कापलेला खड्डा, पावसाळ्यात पाण्याने भरलेला. नीलगिरी आणि अकेशियाच्या लागवडीत रेघा चांगल्या उपयोगी पडतात, कारण तिथे सगळ्या वाटा सारख्याच दिसतात. पण लागवडीभोवती गुरं अडवायला खणलेला चर नकाशावर क्वचितच असतो, सायकल खांद्यावर घ्यायची तयारी ठेवा. हिडकल जलाशयाच्या काठाला वेगळाच प्रकार. नकाशातली काठाची रेघ एकाच पातळीची, पाणी मात्र उन्हाळ्यात मागे सरकतं. म्हणून पाण्यात बुडणारी रेघ मे महिन्यात चालता येऊ शकते आणि ऑगस्टमध्ये नाही.

हेम्माडगा, तळेवाडीच्या बाजूला भीमगड अभयारण्य आहे, 2011 साली जाहीर झालेलं. ॲप त्यातूनही बेलाशक वाट काढून देतं. वनखात्याची परवानगी लागते हे ते सांगत नाही, गवे आणि अस्वलं आहेत हेही नाही.

वेळेच्या अंदाजावर अजिबात विसंबू नका. चालण्याच्या हिशोबात वाटेवर माजलेली झाडी धरलेली नसते. रानमोडी आणि घाणेरी माजलेल्या वाटेवर तासाला दोन किलोमीटर झाले तरी पुष्कळ. जीपीएसला नेटवर्क लागत नाही, पण बराच वेळ जीपीएस न वापरलेल्या फोनला पहिला ठाव घ्यायला काही मिनिटं लागतात, म्हणून गावात रेंज असतानाच ठिकाण पकडू द्या. मग फोन विमान मोडवर, ट्रॅक नोंदणीचं अंतर 5 सेकंद, पडदा बंद. दिवसभराला 10,000 एमएएचची पॉवर बँक पुरते.

वाहून गेलेली मोरी दिसली तर ॲपमधलं ओएसएम संपादनाचं प्लगइन चालू करून तिथेच टीप टाकता येते. ‘रस्ता खराब’ एवढं लिहून भागत नाही. मोरी कोणत्या बाजूने खचली, चालत उतरता येतं का, सायकल उचलून नेता येते का आणि महिना कोणता, एवढं लिहा.